हरणं हवीत म्हणून झाडं तोडायची?

फिलाडेल्फिया किंवा पिट्सबर्गच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांना हरीण नवं नाही. ट्यूलिपचे कोंब, होस्टाची पानं, परसातले टोमॅटो एका रात्रीत फस्त होतात. नोव्हेंबरच्या संध्याकाळी गाडी चालवताना रस्त्याच्या दोन्ही कडांवर नजर ठेवावी लागते. पण शहर मागे टाकून पेनसिल्व्हेनियाच्या उत्तर भागात गेलं, की एक असा प्रकार दिसतो ज्याचा उलगडा आपल्याला सहजी होत नाही. कोणीतरी चाळीस-पन्नास एकर जंगल विकत घेतलेलं असतं, तेही हरणांच्या शिकारीसाठीच. आणि त्यातलीच सात-आठ एकरांवरची उभी झाडं त्याने पाडलेली असतात. जिकडेतिकडे बुंधे, फांद्यांचे ढीग, यंत्रांच्या चाकोऱ्या. विचारलं तर तो शांतपणे सांगतो, हे हरणांसाठी केलंय.

‘झाडे लावा, झाडे जगवा’ ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला हे पटणं अवघड आहे. तरी हा माणूस खोटं बोलत नसतो. झाडं तोडल्याने हरणांचं भलं होतं, हे अमेरिकेत शंभर वर्षांच्या अनुभवाने सिद्ध झालेलं आहे. त्याच तोडीने जंगल कायमचं बिघडूही शकतं, हेही तितकंच सिद्ध झालेलं आहे. यातलं काय होणार, ते करवतीवर फारसं अवलंबून नसतं. तोड झाल्यावर पुढची पाच-सात वर्षं त्या जागेत किती तोंडं चरतात, त्यावर ते ठरतं. हे नीट कळायचं तर सुरुवात हरणाच्या पोटापासून करावी लागेल.

हरीण जंगलात खातं काय?

इथलं हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं, सगळे ज्याला व्हाइटटेल म्हणतात ते. आकाराने आपल्या चितळाच्या जवळपास जाणारं, पण खाण्याची तऱ्हा निराळी. चितळ गवतावर मनापासून चरतं. व्हाइटटेल गवत फार कमी खातं. पोट गाईम्हशींसारखंच चार कप्प्यांचं, पण अंगाच्या मानाने लहान. चिवट, वाळकं गवत तासन्‌तास आंबवत ठेवायला त्यात जागा नाही. म्हणून ते वेचून खातं: कोवळी पानं, कळ्या, डहाळ्यांची टोकं, रुंद पानांचं तण, ब्लॅकबेरीची पालवी, आणि शरद ऋतूत ओकच्या झाडाखाली पडलेली फळं.

हे सगळं त्याला तोंडाच्या उंचीवर मिळायला हवं. चारही पाय जमिनीवर ठेवून मान ताणली तर हरीण साधारण पाच फुटांपर्यंत पोचतं. शंभर वर्षं वयाच्या मेपल, चेरी आणि ओकच्या जंगलात पानं असतात सत्तर-ऐंशी फुटांवर. वर पानांचं एकसंध छत, खाली दाट सावली आणि पाचोळा. माणसाला असं जंगल फार आवडतं, कारण त्यात मोकळेपणाने चालता येतं, लांबवर दिसतं. मलाही आवडतं. हरणाला मात्र ओकची फळं पडण्याचे महिने सोडले तर तिथे खायला फारसं मिळत नाही, आणि लपायला तर जागाच नसते.

झाड पडल्यावर जमिनीवर काय घडतं

छत उघडलं की ऊन थेट मातीवर येतं, आणि तीन गोष्टी एकदमच सुरू होतात.

पहिली, मातीत पडून राहिलेलं बी जागं होतं. पिन चेरी नावाच्या झाडाचं बी तर कित्येक दशकं मातीत जिवंत राहतं आणि तोडीनंतरच्या पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात रुजतं. दुसरी, सावलीत वर्षानुवर्षं वीतभर उंचीवर अडकून पडलेली रोपं उठतात. तिसरी, तोडलेल्या बुंध्यांना फुटवे येतात. ज्याने उसाचा खोडवा पाहिलाय त्याला हे सांगावं लागणार नाही. लागणीच्या उसाला आधी मुळं धरावी लागतात. खोडव्याची मुळं जमिनीत तयारच असतात, त्यामुळे सगळी ताकद फुटव्यात उतरते. रेड मेपलचा बुंधा असाच फुटतो. शंभर वर्षांच्या मुळांनी गोळा केलेला साठा दहा-वीस कोवळ्या धुमाऱ्यांत वर येतो आणि हरणाला त्याची चटक लागते. मिशिगन, विस्कॉन्सिनकडे ॲस्पेन नावाचं झाड तर मुळांपासूनच फुटतं. एकरी हजारोंनी कोंब येतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात माणसाच्या उंचीला भिडतात.

हरणाच्या तोंडी लागेल असा चारा या काळात प्रौढ जंगलाच्या कितीतरी पट होतो, बऱ्याच ठिकाणी दहा पटींपर्यंत.

पहिली तीन-चार वर्षं ही खाण्याची. त्यानंतर काट्याझुडपांचं आणि कोवळ्या झाडांचं असं काही रान माजतं की दोन हातांवरचं दिसत नाही. चारा कमी होऊ लागतो, पण आता ही जागा लपायला उत्तम झालेली असते. मे महिन्याच्या अखेरीपासून माद्या विणाऱ्या असतात. पाडस जन्मल्यावर पहिले काही आठवडे पळत नाही. ते एका जागी निपचित पडून राहतं आणि आई मधूनमधून येऊन दूध पाजून जाते. त्या काळात कोल्ह्याला, कायोटीला (लांडग्याच्या कुळातला लहान प्राणी) आणि अस्वलाला ते सापडू नये, तर असंच दाट रान लागतं. नोव्हेंबरात मोठे नर दिवसा दडी मारतात तेही इथेच.

साधारण पंधराव्या वर्षाच्या सुमारास कोवळ्या झाडांचे शेंडे एकमेकांना भिडतात. पुन्हा छत तयार होतं, खाली पुन्हा अंधार पडतो. आता खांबांसारखी बारीक, उंच झाडं उभी असतात आणि हरणाच्या दृष्टीने ती जागा कित्येक वर्षांसाठी संपते.

म्हणजे तोडीचा फायदा असतो खरा, पण त्याला मुदत असते. जाणता जमीनमालक म्हणूनच सगळं एकदम तोडत नाही. चाळीस एकरांत एका वेळी पाच-सात एकर तोडायचं, आठ-दहा वर्षं थांबायचं, मग दुसरा तुकडा. विदर्भातल्या जंगलांत वन खातं कूप पाडून पाळीपाळीने तोड करत आलं, त्यामागचं गणित लाकडाचं होतं. इथलं गणित हरणासाठी रानाच्या वयोगटांचं आहे: एका भागात चारा, एका भागात लपण, एका भागात जुनी झाडं आणि त्यांची फळं.

कुठे तोडायचं, काय राखायचं

तोड किमान केवढ्या जागेवर असावी याचा एक ठोकताळा वनपाल सांगतात: मोकळ्या जागेची रुंदी भोवतालच्या झाडांच्या उंचीच्या निदान दुप्पट हवी. त्याहून अरुंद असेल तर कडेच्या झाडांची सावलीच ती जागा व्यापते आणि ओकसारखी उन्हाची झाडं येत नाहीत. इकडे एक, तिकडे एक अशी सुटी झाडं काढून हरणांसाठी काही होत नाही.

ओकबद्दल विशेष जपावं लागतं. ओकचं रोप आधी मुळं वाढवतं, शेंडा नंतर. त्यामुळे तोडीनंतर ओक यायचा असेल तर तोडीच्या आधीच जमिनीवर त्याची रोपं असायला हवीत. नसतील तर पहिल्या वेळी विरळणी करून थोडंच ऊन आत येऊ द्यायचं, रोपं धरली की काही वर्षांनी वरची मोठी झाडं काढायची. हे धीराचं काम आहे. घाई केली तर ओकच्या जागी मेपल आणि बर्च येतात, आणि हरणांची शरदातली बेगमी जाते. व्हाइट ओकची फळं कमी तुरट असल्याने हरणं आधी ती शोधतात, म्हणून तोडीतही काही जोमदार व्हाइट ओक राखतात.

हेमलॉक हे सूचिपर्णी झाड मात्र जवळजवळ कधीच काढू नये असं माझं ठाम मत आहे. हिवाळ्यात त्याच्या घनदाट फांद्यांवर बर्फ अडतो, खाली बर्फाचा थर पातळ राहतो, वारा कमी लागतो. फेब्रुवारीत उपाशी हरणाला चालण्यात खर्च होणारी शक्ती वाचवता येते ती याच झाडांखाली. आशियातून आलेल्या एका लोकरी किड्याने हेमलॉक आधीच मरणपंथाला लावलाय. जो उरलाय तो ठेवावा.

ओढ्यांच्या काठची झाडं तशीच ठेवायची, उतारावर यंत्रांचे रस्ते सरळ खाली न नेता आडवे काढायचे. फांद्या-शेंड्यांचे ढीग जाळायचे नाहीत. दिसायला ओंगळ वाटले तरी त्यांच्या जाळीत सापडलेलं ओकचं रोप हरणाच्या तोंडापासून दोन-तीन वर्षं सुरक्षित राहतं.

काहीजण झाड अर्धवट कापून जिवंतच आडवं पाडतात. खालची साल-लाकूड जोडलेलं राहिल्याने पडलेलं झाडही पानं देत राहतं, हरणांना लपण आणि चारा दोन्ही मिळतं. लहान झाडांच्या बाबतीत हे जमतं. पण ताणाखालचा बुंधा उभा चिरून उसळतो तेव्हा करवत धरलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. प्रशिक्षण नसताना याच्या वाटेला जाऊ नये.

आणि तोडीच्या आधीच परदेशी तण-झुडपं निपटायला हवीत. मल्टिफ्लोरा गुलाब, ऑटम ऑलिव्ह, जपानी बारबेरी यांना हरीण फारसं तोंड लावत नाही. ऊन मिळताच तीच रान बळकावतात. ट्री ऑफ हेवन नावाचं झाड तर नुसतं तोडलं की त्याच्या मुळांपासून डझनावारी कोंब येतात. फुटव्याची जी ताकद मेपलच्या बाबतीत उपयोगी पडली तीच इथे अंगावर येते, म्हणून त्याला उन्हाळ्याच्या अखेरीस तणनाशक देऊन आधी मारतात आणि मग तोडतात. द्राक्षबागांचं नुकसान करणारा ठिपकेदार लँटर्नफ्लाय हा कीटक २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियातच अमेरिकेत पहिल्यांदा सापडला, त्याचं हे आवडतं झाड.

‘मोठी तेवढी काढू, बारीक वाढू देऊ’

हा सल्ला ऐकायला अतिशय समंजस वाटतो. लाकूड विकत घेणारा व्यापारी दारात येतो, म्हणतो, चौदा इंचांपेक्षा जाड झाडं तेवढी नेतो, बाकीची पोरं मोठी होऊ देत. जंगलाचं जंगल राहतं, हातात पैसाही येतो. जमीनमालकाला वाटतं, सरसकट तोडीपेक्षा हे किती सौम्य.

पेनसिल्व्हेनियात हा सल्ला बहुतेक वेळा घातक ठरतो. इथलं जंगल १९०० च्या मागे-पुढे जवळजवळ सगळं तोडलं गेलं आणि मग एकदमच उगवलं. त्यामुळे शेजारी उभं असलेलं जाड झाड आणि बारीक झाड पुष्कळदा एकाच वयाची असतात. बारीक झाड पोर नाही. शंभर वर्षं उन्हाच्या चढाओढीत मागे पडलेलं म्हातारं आहे. जाड झाडं नेली की उत्तम बीज देणारी झाडं गेली, मागे राहिली ती वाकडी, पोकळ, खुंटलेली. छत अर्धंच उघडल्याने खाली पुरेसं ऊनही येत नाही. हरणाला चारा नाही, पुढच्या पिढीला लाकूड नाही. सरसकट तोडलेल्या तुकड्यापेक्षा हे जंगल सावरायला जास्त काळ घेतं.

यावर उपाय एकच: लाकूड विकत घेणाऱ्याच्या सांगण्यावर न जाता स्वतःच्या बाजूने काम करणारा प्रशिक्षित वनतज्ज्ञ नेमायचा. तो कुठलं झाड जायचं, कुठलं राहायचं ते रंगाने खुणावतो, मग बंद पाकिटातून बोली मागवल्या जातात.

या राज्याने एकदा पोळून घेतलंय

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियात जंगलही उरलं नव्हतं आणि हरणंही. बाजारासाठी मांस विकणाऱ्यांनी हरणं जवळपास संपवली होती. १८९५ मध्ये राज्याने शिकार आयोग नेमला. १९०६ पासून बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडायला सुरुवात झाली. १९०७ मध्ये कायदा आला, फक्त शिंगं असलेला नर मारायचा, मादीला हात लावायचा नाही.

तेव्हाच्या परिस्थितीत हा कायदा योग्यच होता. पण भोवताली काय होतं ते पाहा. लक्षावधी एकर तोडलेल्या जमिनीवर एकाच वेळी कोवळं रान उगवत होतं. लांडगे आणि पुमा संपलेले होते. माद्यांना पूर्ण अभय होतं. हरणांची संख्या अशी वाढली की १९२० च्या दशकात चारा पुरेना. कोवळं रान वर गेलं, छत मिटलं, पण खाणारी तोंडं तेवढीच राहिली. हरणं हिवाळ्यात भुकेने मरू लागली. माद्यांची शिकार उघडायचा निर्णय झाला, तेव्हा पिढीभर ‘मादी मारणं पाप’ ऐकलेले शिकारीच त्याच्या विरोधात उभे राहिले. तो वाद या राज्यात अधूनमधून पेटत राहिला. २००० नंतरच्या काही वर्षांत जीवशास्त्रज्ञ गॅरी अल्ट यांनी माद्यांची शिकार वाढवण्याचा आग्रह गावोगाव सभा घेऊन मांडला, तेव्हाही त्यांना कडवा विरोध झाला.

आल्डो लिओपोल्ड हे अमेरिकेच्या वन्यजीव व्यवस्थापनाचे आद्य आचार्य. कुऱ्हाड, नांगर, गाय, आग आणि बंदूक यांनी वन्यजीव नष्ट केले, त्याच पाच साधनांच्या विचारपूर्वक वापराने ते परत आणता येतील, असं त्यांनी १९३३ मध्येच मांडलं होतं. आजच्या जमीनमालकांना यातली कुऱ्हाड चांगली लक्षात राहते. बंदुकीचा वापर मोठ्या शिंगांच्या नरापुरता राहतो. गडबड होते ती इथे.

तोंडं जास्त झाली की काय होतं

उत्तर-पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या ॲलेघेनी पठारावर अमेरिकी वन सेवेच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात कुंपणं घालून, आत ठरावीक संख्येने हरणं ठेवून दहा वर्षं निरीक्षण केलं. चार ठिकाणी चार वेगवेगळ्या घनता. जिथे हरणं जास्त, तिथे रोपांच्या जाती कमी, नेचे जास्त, आणि झाडीच्या मधल्या उंचीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या जातीही कमी.

नेच्याची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण नुकसान कायमचं होतं ते त्याच्यामुळे. हरीण नेचा खात नाही. तोडीनंतर मेपल, ओक, ब्लॅकबेरी सगळं वर येऊ पाहतं आणि हरणं ते खाऊन टाकतात, उरतो नेचा. वाळल्या गवतासारखा वास येणारी एक जात इथे आहे, ती जमिनीखालून पसरत जाते आणि गुडघाभर उंचीची सलग चादर करते. चादरीखाली इतकी सावली असते की नंतर हरणं कमी झाली तरी झाडाचं बी तिथे तग धरत नाही. वर झाडं नाहीत, खाली रोपं नाहीत. उन्हाळ्यात हिरवंगार दिसतं, येणारा-जाणारा कौतुक करतो, आणि जंगल मात्र तिथे अडून राहिलेलं असतं. याच कारणाने राज्याच्या मालकीच्या जंगलांत तोड झाल्यावर कित्येक ठिकाणी आठ फुटी तारेचं कुंपण घालून हरणांना काही वर्षं बाहेर ठेवलं जातं. जी तोड हरणांना पोसते, तिलाच हरणांपासून वाचवावं लागतं.

माद्यांचाच आग्रह का, याचं उत्तर साध्या गणितात आहे. चांगल्या चाऱ्यावरची मादी दीड वर्षाची असताना गाभण राहते आणि पुढे बहुतेक वर्षी जुळी देते. एक नर अनेक माद्यांना पुरतो. चार नर मारले तरी पुढच्या जूनमध्ये तेवढीच पाडसं जन्मतात. तोडीने चारा वाढवला, माद्या धडधाकट झाल्या, आणि शिकार मात्र फक्त शिंगवाल्यांची केली, तर पाच वर्षांत आपण स्वतःच्या हातांनी १९२० चं दशक आपल्या चाळीस एकरांत आणतो.

‘माझी जमीन, माझी हरणं’

जमीन मालकाची, हरीण मात्र राज्याचं. अमेरिकी कायदा असं मानतो. किती मारायची, कुठल्या महिन्यात, नर की मादी, हे राज्य ठरवतं. शिवाय एक मादी सुमारे चौरस मैलभर टापूत किंवा त्याहून थोड्या कमी जागेत फिरते, नर त्याहून मोठ्या टापूत. चाळीस एकर म्हणजे चौरस मैलाचा सोळावा हिस्सा. आपण तोड करून बोलावलेली हरणं शेजाऱ्याच्या रानातून येतात आणि तिकडेच जातात. आपल्या एकट्याच्या शिस्तीने संख्या आटोक्यात राहत नाही. शेजारचे चार-सहा मालक एकत्र बसून किती माद्या घ्यायच्या ते ठरवतात, तिथेच काम नीट होतं. पेनसिल्व्हेनियात जमीनमालकाला विशिष्ट जागेसाठी माद्यांचे जादा परवाने मिळण्याची सोय २००३ पासून आहे. फार थोडे मालक ती वापरतात असं माझं निरीक्षण आहे, आणि ते मला खटकतं.

‘पण शेवटी ही जंगलतोडच ना?’

हा आक्षेप रास्त आहे आणि तो गुळगुळीत उत्तरावर सोडून देऊ नये. जंगल तोडून तिथे घरं, गोदामं किंवा मका आला तर जंगल गेलं. जंगल तोडून जंगलच पुन्हा उगवू दिलं तर ते वयाने लहान झालं. या दोन गोष्टींत मोठं अंतर आहे. कोवळ्या रानावर अवलंबून असलेले पक्षी पूर्व अमेरिकेत झपाट्याने कमी झालेत, कारण सगळं जंगल एकाच वयाचं होऊन बसलंय. पेनसिल्व्हेनियाचा राज्यपक्षी असलेला रफ्ड ग्राउस, संध्याकाळच्या आकाशात गिरक्या घेणारा वुडकॉक, मध्य अमेरिकेतून विणीला येणारा सोनेरी पंखांचा वार्बलर, या सगळ्यांना असंच झुडपी रान लागतं. मिशिगनमधला कर्टलंड्स वार्बलर बहुतेक कोवळ्या जॅक पाइनच्या रानातच घरटं करतो; त्याच्यासाठी मुद्दाम तोड आणि लागवड करत राहिल्याने २०१९ मध्ये तो संकटग्रस्त यादीतून बाहेर आला.

तरी किंमत असतेच. मोठ्या झाडांत साठलेल्या कार्बनचा बराच भाग तोडीनंतर हवेत जातो. पाचोळ्याखाली राहणारे ओलाव्याचे सॅलमँडर तोडलेल्या तुकड्यातून बरेचसे नाहीसे होतात आणि परतायला दशकं घेतात. जुन्या जंगलात घरटी करणाऱ्या पक्ष्यांना तिथे जागा उरत नाही. म्हणून जिथे खरोखरच जुनं, कधीही न तोडलेलं जंगल आहे तिथे करवत नेऊच नये. पेनसिल्व्हेनियात असं जंगल मूठभरच राहिलंय. तोड करायची ती शंभर वर्षांच्या एकसारख्या रानात, तीही तुकड्यांनी.

‘चारा पेरला तर तोडायची गरजच काय?’

क्लोव्हर, राय, ओट पेरून हरणांसाठी मळा करण्याची इथे मोठी हौस आहे. लाकूड ओढून जिथे गोळा केलं ती मोकळी जागा आणि यंत्रांचे रस्ते त्यासाठी वापरणं शहाणपणाचं असतं. तिथली माती दबलेली असते आणि ती उघडी पडू देण्यापेक्षा क्लोव्हर बरा. पण जंगलाची माती आम्ल असते, चुना घातल्याशिवाय क्लोव्हर धरत नाही, खर्च दरवर्षीचा. तोडीतून मात्र पैसे मिळतात. शिवाय एका छोट्या मळ्यात सगळी हरणं नाकाला नाक लावून गोळा होणं आता धोक्याचं आहे. मेंदूत छिद्रं पाडून हरणाला झिजवून मारणारा सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा रोग १९६७ मध्ये कोलोराडोत पहिल्यांदा लक्षात आला आणि २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनियात पोचला. त्यावर औषध नाही. विखुरलेला चारा हरणांना विखुरलेलं ठेवतो.

मराठी कुटुंबांसाठी एक सूचना इथेच: अशा झुडपी रानात गोचिडी भरपूर असतात. लाइम रोगाचे सर्वाधिक रुग्ण आढळणाऱ्या राज्यांत पेनसिल्व्हेनिया आहे. फिरून आल्यावर अंग आणि कपडे तपासल्याशिवाय घरात वावरू नये.

‘आपल्याकडे तर शिकारच बंद आहे’

हो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार. आणि ती बंदी आपल्याकडे हवीच. पण मोकळ्या जागेला हरणं धावून येतात हे आपणही पाहिलेलं आहे. ताडोबा आणि मेळघाटातली काही गावं स्वेच्छेने बाहेर वसवल्यावर त्यांच्या जुन्या शेतांवर वन खात्याने गवताळ कुरणं राखली, आणि तिथे चितळांचे कळप जमले. फरक इतकाच की कळपामागोमाग तिथे वाघ आणि रानकुत्रे येतात. चितळांची संख्या राखायला माणसाला काही करावं लागत नाही. पेनसिल्व्हेनियात ते काम करणारे लांडगे आणि पुमा उरलेले नाहीत. कायोटी आणि अस्वलं पाडसं उचलतात, पण मोठ्या माद्यांवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. शिकारीबद्दल आपलं मन काहीही असो, वाघ नसलेल्या जंगलात चारा वाढवायचा आणि खाणारी तोंडं मोजायची नाहीत, हे मला क्रूर वाटतं. त्याची परतफेड हरणं फेब्रुवारीच्या बर्फात उपाशी राहून करतात.

आपल्या रानात काय चाललंय, हे कसं ओळखायचं?

तोडलेल्या तुकड्यात दुसऱ्या उन्हाळ्यात फिरा आणि फुटव्यांची टोकं पाहा. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे ते डहाळी तोडतं तेव्हा टोक फाटल्यासारखं, रेषा लोंबणारं दिसतं. सशाने खाल्लेलं टोक चाकूने तिरकं कापल्यासारखं असतं. फाटकी टोकं मेपलवर आणि ओकवर असतील आणि बाकी बरंचसं शाबूत असेल तर ठीक. बीच किंवा स्ट्राइप्ड मेपलसारखी नावडती झाडंही ओरबाडलेली दिसली, तर हरणं पोटभर खात नाहीत असं समजायचं.

याहून पक्की परीक्षा तारेच्या जाळीची. तोड झाली त्याच हंगामात, पाच फूट उंचीची जाळी गोल करून सहा-सात फूट व्यासाची दोन-तीन कुंपणं रोवायची. एवढ्या लहान वर्तुळात हरीण उडी मारत नाही. प्रत्येकाशेजारी तेवढीच उघडी जागा खुंट्यांनी आखायची. दोन उन्हाळे थांबायचं. मग आतली आणि बाहेरची ओकची, मेपलची, ब्लॅकबेरीची रोपं मोजायची, उंची लिहून ठेवायची. दोन्हीकडे साधारण सारखं असेल तर पुढच्या तुकड्याच्या तोडीची आखणी करायला हरकत नाही. आत कमरेएवढा ओक आणि बाहेर नुसता नेचा असेल, तर पुढची तोड थांबवायची, ती वही आणि फोटो घेऊन शेजाऱ्यांकडे जायचं, आणि त्या वर्षी माद्यांच्या जादा परवान्यांचा अर्ज मुदतीआधी भरायचा.